तीन कॅल्क्युलेटर, तीन उत्तरं: माझं वर्षाचं कार्बन उत्सर्जन नक्की किती?

प्रश्न: आम्ही नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. घरात चौघं आहोत, आई-बाबा, मी आणि धाकटा भाऊ. ऑफिसमधल्या एका उपक्रमासाठी मी माझं वर्षभराचं कार्बन उत्सर्जन तीन ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर काढलं. पहिल्याने २.१ टन सांगितलं, दुसऱ्याने ४.९ आणि तिसऱ्याने ८.४. तिन्हीकडे माहिती तीच भरली होती. बारा महिन्यांची वीजबिलं, सिलिंडर, पेट्रोल, बंगळुरूच्या दोन विमानफेऱ्या आणि घरखर्चाची यादी सोबत देत आहे. यातलं खरं कोणतं मानायचं? आणि तेवढ्या टनांचे कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे झाडं लावून वगैरे तेवढं उत्सर्जन भरून काढल्याची प्रमाणपत्रं, विकत घेऊन मोकळं झालं तर चालेल का?

उत्तर: तुमच्या आकड्यांवरून मी कागदावर हिशोब मांडला, तर तुमच्या एकटीच्या वाट्याला तीन ते साडेतीन टन येतात. म्हणजे तिन्ही कॅल्क्युलेटर चुकले. प्रत्येकाची चूक मात्र वेगळी आहे आणि त्यातली एक तुमची स्वतःची आहे.

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत एनर्जी ऑडिट करण्यात माझी वीसेक वर्षं गेली. तिथेही हेच काम असतं, फक्त आकड्यांवर शून्यं जास्त. कॅल्क्युलेटर दिसायला कितीही देखणा असो, हिरवी पानं हलोत की पृथ्वीचा गोळा फिरो, आत एकच गुणाकार चालतो: तुम्ही किती वापरलं, गुणिले त्या वस्तूच्या एका युनिटमागे, लिटरमागे किंवा किलोमागे किती कार्बन डायऑक्साइड. पहिला आकडा तुमचा. दुसरा, ज्याला आम्ही गुणांक म्हणतो, तो कॅल्क्युलेटर बनवणाऱ्याचा. आणि जो रकाना तुम्ही रिकामा सोडता तिथे दोन्ही आकडे त्याच्याच घरचे असतात. म्हणून खालची बेरीज बघण्याआधी प्रत्येक ओळीपुढे 'माझा' की 'त्याचा' अशी खूण करायची मला सवय लागली आहे.

विजेपासून सुरुवात करू, कारण नागपुरात सगळी गंमत तिथेच आहे. तुमची बिलं मी ओळीने लावली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्याला १७० युनिट, मार्चमध्ये २९०, एप्रिल ५६०, मे ६९०, जून ५२०, मग पाऊस आल्यावर ऑक्टोबरपर्यंत तीनशेच्या आगेमागे. एकूण ३,९०० युनिट. एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांनीच त्यातले १,७७० खाल्ले, म्हणजे वर्षाचे पंचेचाळीस टक्के.

केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडचा, म्हणजे वीजजाळ्याचा, गुणांक दरवर्षी जाहीर करतं. सध्या तो युनिटमागे ०.७२ किलोच्या आसपास आहे. ३,९०० ला त्याने गुणलं की २,८०८ किलो येतात. पण हा गुणांक वीजकेंद्राच्या फाटकाशी मोजलेला असतो. तिथून तुमच्या मीटरपर्यंत येताना तारांमध्ये आणि रोहित्रांमध्ये काही वीज वाया जाते. ती पंधरा टक्के धरली तर घराचं उत्सर्जन ३.३ टनांवर जातं. चौघांत वाटलं की तुमचे ०.८३ टन. बहुतेक कॅल्क्युलेटर ही गळती धरतच नाहीत, हा पहिला बारीक फरक.

मोठा फरक पुढे आहे. पहिल्या कॅल्क्युलेटरची जी फोड तुम्ही पाठवली त्यात विजेपुढे ०.२ टन लिहिलं आहे. ब्रिटनच्या ग्रिडचा गुणांक अलीकडे युनिटमागे ०.२ किलोच्या आसपास असतो, कारण त्यांनी कोळशावरची वीज बंद केली आणि समुद्रात पवनचक्क्या उभ्या केल्या. ३,९०० गुणिले ०.२, भागिले चार: १९५ किलो. इतकं चपखल बसतं की दुसरा संशयित शोधायची गरज नाही. तुमचा एसी त्रिमूर्तीनगरात चालला, पण कॅल्क्युलेटरच्या लेखी तो लंडनच्या विजेवर चालला. तो फ्रान्सचा असता तर अणुवीज धरून हा आकडा आणखी चौपट खाली गेला असता.

हे ओळखायची माझी एक साधी युक्ती आहे. नवा कॅल्क्युलेटर उघडला की सदस्य एक ठेवायचा, फक्त विजेच्या रकान्यात १,००० युनिट भरायचे आणि बाकी सगळं शून्य. उत्तर ७०० ते ८५० किलोंच्या मध्ये आलं तर त्याने भारताची वीज धरली आहे. २०० आलं तर खिडकी बंद करायची. शून्य भरूनही दोन टन आले, तर बाकीच्या रकान्यांत त्याने स्वतःची सरासरी गुपचूप ओतली आहे, हेही तिथेच उघडं पडतं.

इथे नागपूरकर हमखास विचारतात: कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांची धुराडी आपल्या गच्चीवरून दिसतात, मग आपलं युनिट पुण्याच्या युनिटपेक्षा जास्त काळं नाही का? नाही. डिसेंबर २०१३ पासून देशभराचं ग्रिड एका सुरात चालतं. कोराडीच्या ६६० मेगावॉटच्या संचातून निघालेली वीज नेमकी कुणाच्या पंख्यात गेली हे सांगता येत नाही, म्हणून गुणांक सगळ्यांना एकच. राख आणि धूर मात्र आपल्याच वाट्याला जास्त येतात. ते दुखणं खरं आहे, पण त्याची वही वेगळी. (वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आणि नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था, दोन्ही आपल्याच शहरात. कोळसा काढणारेही इथेच आणि त्याच्या धुराचा अभ्यास करणारेही इथेच.)

आता तिसऱ्याचे ८.४ टन. त्याच्या पहिल्याच पानावर 'घरातील सदस्य' असा रकाना होता आणि त्यात आधीच १ लिहिलेला होता. तुम्ही तो बदलला नाही, तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये स्पष्ट दिसतं. त्यामुळे अख्ख्या घराची वीज, सगळे सिलिंडर आणि बाबांची पूर्ण कार तुमच्या एकटीच्या नावावर चढली. एवढ्या एका रकान्याने साडेतीन टनांहून अधिक वाढले. मनाला लावून घेऊ नका. माझी पहिली चूक याहून मोठी होती. घरचा हिशोब करायला बसलो तेव्हा हाताशी मे महिन्याचं बिल होतं. कॅल्क्युलेटरने 'महिन्याचा वापर' विचारला, मी मे भरला, त्याने बाराने गुणलं. बायको म्हणाली, घरात काय वेल्डिंगचं दुकान आहे का? तुमचा मे तसा गुणला तर ८,२८० युनिट होतात, आणि जानेवारी गुणला तर २,०४०. चौपट अंतर, एकाच मीटरचं. ज्यांच्याकडे बारा महिने हवा बरीचशी सारखी असते त्यांना हे सुचत नाही. आपल्याकडे ४५ अंशांचा मे आणि स्वेटरचा जानेवारी एकाच बिलाच्या पोटात मावत नाहीत. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो बघून वर्षाची बेरीज करायची आणि तीच भरायची. काही कॅल्क्युलेटर युनिट न विचारता बिलाचे रुपये विचारतात, ते तर टाळाच. आपले दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यात स्थिर आकार वेगळा. बिल दुप्पट झालं म्हणजे युनिट दुप्पट झाले असं नसतं.

गॅसचा हिशोब सोपा आहे. १४.२ किलोचा सिलिंडर जळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड. तुमचे वर्षाला नऊ, म्हणजे ३८० किलो, माणशी ९५. मराठी घरात स्वयंपाकाच्या गॅसवरून एवढी काटकसर चालते, पण या यादीत तो सगळ्यात खालच्या ओळींपैकी आहे.

पेट्रोल लिटरला २.३ किलो, डिझेल २.७. इथे एकच सल्ला: किलोमीटर भरू नका, लिटर भरा. किलोमीटर भरले की तुमची गाडी किती ॲव्हरेज देते हे तो ठरवतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे मोकळ्या रस्त्यावरची परदेशी कार असते, संध्याकाळी साडेसहाची सीताबर्डी नसते. तुमच्या स्कूटीचे वर्षाला १२० लिटर, म्हणजे २७६ किलो. कारचे ४८० लिटर, १,१०४ किलो, त्याचा चौथा हिस्सा पुन्हा २७६. कार रोज बाबाच नेत असतील तर हिस्सा त्यांचा जास्त, पण घरात त्यावरून वाद घालण्याइतका तो मोठा नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. वनस्पतीतून आलेला कार्बन काही पद्धती मोजत नाहीत, त्यामुळे कुठे लिटरला १.८-१.९ दिसलं तर दचकू नका. मी अजून २.३ च धरतो. ऊस पिकवायला, गाळायला, इथेनॉल ओढून आणायला लागलेली ऊर्जा फुकटची नसते.

विमानाबाबत दोन कॅल्क्युलेटरमध्ये हमखास भांडण होतं. नागपूर ते बंगळुरू हवाई अंतर ९०० किलोमीटरच्या आसपास. किलोमीटरला माणशी शंभर ग्रॅम असा ढोबळ आकडा घेतला तर एका फेरीचे, जाऊन-येऊन, १८० किलो. दोन फेऱ्यांचे ३६०. पण विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जे सोडतं त्याचा परिणाम फक्त कार्बन डायऑक्साइडपुरता नसतो. धुराच्या रेषांमागे बनणारे बर्फाचे ढग आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हेही तापमान वाढवतात. म्हणून काही जण आकडा १.७ ने गुणतात. मग ३६० चे ६१२ होतात. हे दोन्ही हिशोब प्रामाणिक आहेत, पण एकदा एक आणि पुढच्या वर्षी दुसरा वापरला तर प्रगती किंवा अधोगती नुसती कागदावर दिसेल. मी साधा आकडा घेतला आहे. रेल्वेचं उलट आहे. परदेशी कॅल्क्युलेटर रेल्वेला किलोमीटरमागे तीस-चाळीस ग्रॅम लावतात, तर आपल्या खच्चून भरलेल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना माणशी दहा ग्रॅमच्या आसपास पुरतात. नागपूरहून मुंबई, ८३७ किलोमीटर, विदर्भ एक्स्प्रेसने गेलात तर आठ-दहा किलो. विमानाने तेच सत्तर.

जेवणाच्या रकान्यात मला हसू येतं. पर्याय असे असतात: भरपूर मांस खाणारे, सरासरी, शाकाहारी, पूर्ण वनस्पत्याहारी. त्यांच्या 'सरासरी'त गोमांस असतं, आणि जेवणातल्या उत्सर्जनाचा मोठा भाग त्यानेच येतो. नागपुरात महिन्यातून एक-दोनदा सावजी मटण खाणारा माणूस 'सरासरी' निवडतो आणि विनाकारण टनभर अंगावर घेतो. बकरीही रवंथ करते, मिथेन हा तापमान वाढवणारा वायू सोडते, तिचं मटण हलकं नाही. पण प्रमाण बघा. आणि 'शाकाहारी' निवडून निर्धास्त झालेल्या घरात रोज दोन लिटर दूध, पनीर, तूप असेल तर ती गाय-म्हैसही रवंथ करतेच आहे. भात हा आणखी एक रकाना जो कुणी विचारत नाही. भंडारा-गोंदियाकडच्या पाणी साचलेल्या धानाच्या बांध्यांतून मिथेन निघतो, ज्वारीच्या शेतातून तसा निघत नाही. तुमच्यासारख्या घरासाठी मी जेवणाचे माणशी अर्धा ते पाऊण टन धरतो. याहून बारीक आकडा कुणी दशांश चिन्हासह दिला तर तो धाडसी माणूस समजावा.

दुसऱ्या कॅल्क्युलेटरचे ४.९ टन इथून पुढच्या भागात बिघडले. त्याने महिन्याचा खर्च विचारला: कपडे, दागिने, फी, घरातल्या वस्तू. रुपयांचे डॉलर केले आणि 'एका डॉलरच्या खरेदीमागे इतकं उत्सर्जन' या परदेशी तक्त्याने गुणलं. तुमच्याकडे या वर्षी मावसबहिणीचं लग्न होतं. इतवारीच्या सराफ्यात घेतलेल्या दागिन्यांची रक्कम तुम्ही इमानदारीने 'खरेदी'त भरली. सोन्याचा भाव चढला की तुमचं उत्सर्जन चढतं, असा त्याचा अर्थ झाला. हातमागाची पंधरा हजारांची साडी या पद्धतीत पंधराशेच्या पॉलिस्टरच्या साडीपेक्षा दहापट मळकट ठरते. भावाच्या क्लासची फीसुद्धा मोजली गेली. खर्चावरून काढलेले आकडे कंपनीच्या किंवा देशाच्या पातळीवर कामाचे असतात, एका घराला ते ढगळ होतात. वस्तू, कपडे, दवाखाना, मोबाइल या सगळ्यांचे मिळून मी पाऊण ते एक टन धरतो. हा अंदाजच आहे आणि तो अंदाज म्हणूनच वेगळ्या रंगात लिहा.

बेरीज: वीज ०.८३, गॅस ०.१०, स्कूटी आणि कार मिळून ०.५५, विमान ०.३६. हे १.८४ टन तुमच्या बिलांवर आणि पावत्यांवर उभे आहेत. उरलेले सव्वा ते पावणेदोन टन अंदाजाचे. ऑफिसच्या उपक्रमात हे दोन भाग वेगळेच दाखवा. पुढच्या वर्षी तुलना करायची ती पहिल्या भागाची, त्याच कॅल्क्युलेटरवर, त्याच गुणांकाने. ग्रिडमध्ये सौरऊर्जा वाढली की गुणांक घसरेल आणि तुम्ही काहीही न करता तुमचा आकडा कमी दिसेल. त्याचं श्रेय घेऊ नका.

निकालाच्या पानावर 'भारताची सरासरी सुमारे २ टन, जगाची ४.७' असं लिहून शाबासकी दिलेली असते. देशाचं एकूण उत्सर्जन भागिले लोकसंख्या, एवढाच त्याचा अर्थ. त्यात गडचिरोलीतल्या दोन दिव्यांच्या घराचाही वाटा आहे आणि सिमेंट-पोलादाच्या कारखान्यांचाही. एसी, कार आणि विमान असलेल्या घराने त्या सरासरीशी स्वतःला ताडून बघण्यात फारसं हशील नाही.

क्रेडिट विकत घेण्याबद्दल विचारलंत. मी तरी आत्ता घेणार नाही. ज्या बेरजेत दीड टन अंदाजाचे आहेत ती पैसे मोजून 'शून्य' करण्यात मला रस वाटत नाही, आणि स्वस्त क्रेडिटमागची झाडं लागली का, जगली का, हे घरबसल्या तपासता येत नाही. तोच पैसा घराच्या गच्चीवर घाला. ३ किलोवॉटचे पॅनल नागपुरात वर्षाला ४,००० युनिटांच्या आसपास देतात, म्हणजे जवळपास तुमचा पूर्ण वापर, आणि पंतप्रधान सूर्यघर योजनेत त्यावर ७८,००० रुपये अनुदान आहे. शिवाय एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कूलर अजूनही उत्तम चालतो. २०० वॉटचा कूलर दहा तासांत २ युनिट घेतो, दीड टनाचा एसी तेवढ्या वेळात ८ ते १०. खस बदला, टाकी घासा आणि एसीची पाळी जूनच्या दमट पंधरवड्यावर ढकला.

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिन्हींपैकी एकाही कॅल्क्युलेटरने ती विचारली नाही. तुमच्या घरखर्चाच्या यादीत एप्रिलमध्ये 'एसी सर्व्हिसिंग, गॅस भरला' अशी ओळ आहे. मेकॅनिक म्हणतो, "गॅस कमी होतेच जी, दर दोन वर्षांनी भरा लागते." एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळीतून तो फक्त फिरतो. कमी झाला म्हणजे गळला, आणि गळला तो हवेत गेला. आर-४१०ए हा गॅस एक किलो सुटला की वातावरणावर शंभर वर्षांत होणारा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ किलोंइतका असतो. अर्धा किलो गळला असेल तर एका झटक्यात टनाहून जास्त, म्हणजे तुमच्या घराच्या वर्षभराच्या विजेचा जवळपास तिसरा हिस्सा. आर-३२ असेल तर त्याचा आकडा ६७५, म्हणजे अर्ध्या किलोचे ३४० किलो. जुना आर-२२ असेल तर आकडा १,८०० च्या आसपास, म्हणजे अर्ध्या किलोचे ९०० किलो. नवीन काही एसींत आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, त्याचा परिणाम नगण्य.

बाहेरच्या युनिटवर, पंख्याच्या जाळीच्या बाजूला, एक चंदेरी पाटी असते. त्यावर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. ते बघा आणि मेकॅनिकला विचारा की त्याने किती ग्रॅम भरला. काटा लावून भरला असेल तर तो सांगेल. त्या वजनाला वरच्या आकड्याने गुणा, चौघांत वाटा आणि माझ्या बेरजेत ती ओळ वाढवा. पुढच्या वेळी भरण्याआधी नायट्रोजन सोडून, साबणाचं पाणी लावून सांधे तपासायला सांगा. तो कंटाळा करेल, पाच-सातशे रुपये जास्त मागेल. द्या.